हवेचं भाडं

टायरच्या दुकानात एदुविना आली
आणि म्हणाली, हवा भाड्यानं पाहिजे.

हवा पापोसोत फुकट असते, मी म्हटलं.
दाबलेली, ती म्हणाली,
आणि पंक्चरच्या टबाशेजारी
रंगाची बंदूक ठेवली,
तोंडाशी भोक एवढंसं, की मुंगीनंही वाकून जावं.

कोळ्यांनी वर्गणी काढली होती चॅपलसाठी.
संत पेद्रोच्या सणाला त्यांना होडी हवी होती,
लाल पट्ट्याची, नाव वाचता येईल अशी.
होडी तिनं आठ दिवसांत काढली,
जुन्या शिडाच्या कापडावर, ब्रशनं, खिळान् खिळा.
आता तिला होडीवर कामांचाका चढवायची होती.
कामांचाका म्हणजे आमचं धुकं.
समुद्रातून उठते, डोंगराला टेकते,
एक थेंब न सांडता आख्खं गाव ओलं करून जाते.
पाऊस इथे पडतच नाही म्हणा ना.
माझ्या हयातीत तीनदा. तिन्ही वेळा छप्पर फितूर.

पहिल्या दिवशी बंदूक थुंकली.
दाब उतरवला, तर थेंब मसुराएवढे.
चढवला, तर रंग वाटेतच वाळला
आणि कापडावर पोचला तो पीठ होऊन.
माझ्या हाताला ट्रकची सवय,
इतक्या थोड्या हवेचा हिशेब मी कधी केला नव्हता.

तिनं रंग पातळ केला दुधाइतका,
मग ताकाइतका,
जुन्या पायमोज्यातून दोनदा गाळला.
हात आधी चालू द्यायचा, घोडा मग दाबायचा.
कापडाबाहेर सुरुवात, कापडाबाहेर शेवट,
रेंगाळलास तिथे ओघळ.
वीतभर अंतर. दीड वीत. हातभर.
माझा मागचा पत्रा, दोन दारं, टायरचे सगळे खोके
हळूहळू धूसर होत गेले.
आणि तरी पाचव्या-सहाव्या फेरीला,
फट्.
एक शिंतोडा. बरोबर होडीच्या नावावर.

ती बंदुकीच्या सात पिढ्या उद्धरत होती,
तेव्हा मला टाकीखालचा नळ आठवला.
वर्षानुवर्षं उघडला नव्हता. टायरला काय फरक पडतो?
उघडला.
दोन मग गंजकं पाणी निघालं.

रोज रात्री कामांचाका दुकानात शिरायची,
यंत्र तिला हवेबरोबर ओढायचं,
दाबून दाबून टाकीत ठेवायचं,
आणि तीच नळीतून येऊन
स्वतःच्या चित्रावर थुंकत होती.

एदुविना हसली नाही.
फेकू नकोस ते, म्हणाली.
त्याच पाण्यात, गाळून, तिनं पांढरा कालवला.
किंचित तांबूस झाला.
खाणीच्या वाऱ्याखाली राहणाऱ्यांना विचारा,
आमचं धुकं पांढरं कधी होतं?

त्या दुपारी बंदुकीतून काही निघतंय
असं दिसलंच नाही.
झोपलेल्या माणसाच्या नाकासारखा आवाज फक्त,
आणि थोड्या वेळानं माझ्या मनगटावरचे केस म्हातारे झाले.
अकरा थर.
प्रत्येक थरानंतर वाटायचं, काहीच झालं नाही.
मग नाव गेलं.
मग लाल पट्टा.
मग काठ कुठला आणि पाणी कुठलं, ते.

सणाच्या सकाळी कोळी भडकले.
होडी कुठाय? वर्गणी होडीची होती.
खजिनदार वही घेऊनच आला होता.
दोन रोसामेल, वय एक्याऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू,
टोपी काढून कापडापाशी गेले,
इतके जवळ, की मला वाटलं नाकाला रंग लागणार.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग मान न वळवता,
रात्री होडीत बोलतात तशा आवाजात म्हणाले,
मोटर बंद करा.
उजवीकडे खडक आहे.

कुणी हललं नाही.
खजिनदारानं वही मिटली,
तीसुद्धा आवाज न करता.

हवेचं भाडं मी अजून मागितलेलं नाही.
रोज संध्याकाळी नळ तेवढा उघडतो.
निघतं मगभर.